सोलापुरातला सोलापूरकर

आडनाव ही वस्तू माणसाला जन्मताच फुकट मिळते, आणि फुकटच्या वस्तूला नावं ठेवू नयेत, असं आमची आजी म्हणत असे. पण ते ती माहेरच्या आडनावाबद्दल म्हणत असे. सासरच्या आडनावाबद्दल ती जन्मभर कुरकुरत राहिली. कारण लग्नानंतर ती सोलापूरकर झाली, आणि तीही सोलापुरात.

यात कुरकुरण्यासारखं काय आहे, असं पुण्यामुंबईच्या वाचकाला वाटेल. तिकडे सोलापूरकर हे चांगलं भारदस्त आडनाव आहे. पण शुक्रवार पेठेत, आजोबा गणपतीपासून हाकेच्या अंतरावर राहून ‘मी सोलापूरकर’ असं सांगणं म्हणजे माशाने आपलं आडनाव ‘ओले’ असं सांगण्यासारखं आहे. समोरचा म्हणतो, “आम्ही तरी कोण मग?”

एका सरकारी कचेरीत मी रेशन कार्डाचं काम घेऊन गेलो होतो. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, “आडनाव?”

“सोलापूरकर.”

“गाव नंतर विचारतो मालक. आडनाव सांगा आधी.”

“तेच आडनाव.”

“बरं. गाव?”

“सोलापूर.”

“ते झालं की लिहून! एकच गोष्ट किती वेळा सांगताय?”

महिनाभराने कार्ड हातात आलं, त्यात आडनावाच्या जागी ‘सोलापूर’ होतं आणि गावाच्या जागी ‘कर’. कर नावाच्या गावी मी आजतागायत गेलेलो नाही.

पु. लं.नी मराठी माणसाला मुंबईकर, नागपूरकर की पुणेकर व्हायचंय ते विचारलं. सोलापूरकर व्हायचंय का, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर आमचे आजोबा हात जोडून उभे राहिले असते आणि म्हणाले असते, “आम्हाला यातून सोडवा.”

इतकी वर्षं हा सगळा थट्टेचा विषय होता. दोन वर्षांपूर्वी तो कज्जाचा विषय होऊ लागला. आमचा वाडा माळवदाचा आहे. पावसाळ्यात गळतो, उन्हाळ्यात तापतो आणि रात्री माळवदावर अंथरूण टाकलं की सगळं माफ होतं. वाड्याचा अर्धा भाग आमचा आणि अर्धा चुलतभावाचा. चुलतभावाचं आडनाव कुलकर्णी. एकाच वाड्यात, एकाच खापरपणजोबांच्या पोटी, पश्चिमेला कुलकर्णी आणि पूर्वेला सोलापूरकर. लहानपणी आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही. एकाच घरात एक काळा आणि एक गोरा असू शकतो, तसंच हे.

पण वाडा पाडून तिथे पाच मजली इमारत बांधायचं ठरलं आणि बिल्डरच्या वकिलांनी कागद मागितले. सिटी सर्व्हेच्या जुन्या उताऱ्यावर एकच नाव निघालं, कुलकर्णी. वकिलांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “सोलापूरकर, कागदोपत्री तुम्ही बाहेरचे.”

पूर्ण नावातच गाव असलेल्या माणसाला त्या गावात बाहेरचा म्हणण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग असावा. त्या रात्री मला झोप आली नाही. हिस्सा जाईल याची भीती होतीच, नाही असं मी म्हणणार नाही. पण मनाला लागला होता तो ‘बाहेरचे’ हा शब्द. मग मी ठरवलं की या आडनावाच्या मुळाशी जायचं.

मुळाशी गेल्यावर पहिल्या दिवशीच कळलं की वकील तत्त्वतः बरोबर होते. ‘कर’ लावलेलं आडनाव ज्या गावचं, त्या गावात ते नसतं. गाव सोडल्याशिवाय ते मिळतच नाही. पंढरपुरात सगळेच पंढरपूरचे, तिथे पंढरपूरकर म्हणून हाक मारली तर अख्खा चौक वळून बघेल. तोच माणूस सोलापुरात आला की पंढरपूरकर. आमच्या आसपास तुळजापूरकर आहेत, मंगळवेढेकर आहेत, करमाळकर आहेत. सगळे एकदोन मुक्कामांच्या अंतरावरून आलेले. सोलापूरकर शोधायचे असतील तर पुण्याला जावं. टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी घरोघर असायची त्या काळात मी पुण्यात पाहुणा गेलो की ती उघडून आमची रांग बघत असे. अनोळखी माणसांची नावं वाचून इतका आनंद दुसऱ्या कुणाला होत असेल असं वाटत नाही.

मल्हारराव होळकर नीरेकाठच्या होळ गावचे. ते होळातच राहिले असते तर होळकर झाले नसते. इंदूरला राज्य करायचं म्हणून त्यांना हे आडनाव कामी आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. जन्म महूचा, शाळा साताऱ्याची. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली, ती आजही दाखवली जाते. मनोहर पर्रीकर गोव्यातल्या पर्रा गावचे, पण जन्मले म्हापशाला. गोव्यापासून कोकणपट्टीभर ‘कर’ असे भाताच्या रोपासारखे दाट उगवलेले आहेत.

ही खोड फक्त आपली असेल, असं मला वाटत होतं. माझा मुलगा पुण्याला असतो. वडिलांचा वेळ जावा म्हणून तो अधूनमधून मला माहिती काढून पाठवतो. त्याने कळवलं की विलायतेतही हाच प्रकार आहे. कॉर्निश म्हणजे कॉर्नवॉलचा. पण कॉर्निश आडनावाची माणसं दाट आहेत ती शेजारच्या डेव्हन परगण्यात. टिपू सुलतानाशी १७९२ साली श्रीरंगपट्टणचा तह करणारा लॉर्ड कॉर्नवॉलिस, ज्याच्या बाजूने तेव्हा मराठेही होते, त्याच्या आडनावाचा अर्थ नुसता ‘कॉर्नवॉलकर’. आणि त्याच्या घराण्याची जमीनजुमल्याची गादी होती इंग्लंडच्या अगदी दुसऱ्या टोकाला, सफोकमध्ये. वॉशिंग्टन हे पूर्वी ड्यूरम परगण्यात असलेलं एक गाव. त्या गावावरून आडनाव पडलं, त्या आडनावाचा माणूस अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला, आणि त्याच्या नावाने पुन्हा एक शहर वसलं. गावाचा माणूस आणि माणसाचं पुन्हा गाव. एवढं भाग्य आमच्या आडनावाला नाही. फार तर एखाद्या बोळाला मिळेल.

पण या सगळ्यांत माझा जीव जडला तो गप्पींवर. हेन्री ब्रूअम गप्पी नावाच्या विद्वान गृहस्थाने १८९० साली इंग्लंडच्या आडनावांवर एक मोठं पुस्तक लिहिलं. कुठलं आडनाव कुठल्या परगण्यात किती दाट, हे त्याने मोजलं. मोजताना त्याने एक हुशारी केली. शहरातली माणसं सोडून दिली आणि फक्त शेतकऱ्यांची नावं घेतली, कारण शेतकरी जमीन सोडून हलत नाही. व्यापाऱ्यांच्या डिरेक्टऱ्यांत शेतकऱ्यांची नावंही छापलेली असत, ती त्याने परगण्यागणिक बोट फिरवत मोजली. म्हणजे पुण्याच्या डिरेक्टरीतून मी जे करत होतो तेच. फरक इतकाच की त्याला विद्वान म्हणतात आणि मला बायको ‘जेवायला या’ म्हणते.

आता गंमत अशी की गप्पी हे आडनावच इंग्लंडात दुर्मीळ. ते आलं डॉर्सेट परगण्यातल्या वूटन फिट्झपेन गावाजवळच्या गप्पी नावाच्या ठिकाणावरून. ठिकाण एवढंसं, एखाद्या वस्तीएवढं. म्हणजे गप्पी हेसुद्धा मुळात गप्पीकरच! चार्ल्स डिकन्सने ‘ब्लीक हाउस’ कादंबरीत एका वकिलाच्या कारकुनाला हे आडनाव दिलं आहे. याच आडनावाचे दुसरे एक गृहस्थ, रॉबर्ट गप्पी, वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर जाऊन राहिले. त्यांना ओढ्यातले किडेमासे गोळा करायचा नाद. त्यांनी एक बोटाच्या पेराएवढा मासा लंडनला पाठवला. तिथल्या शास्त्रज्ञांनी १८६६ साली त्याला गप्पींचं नाव दिलं. पुढे असं कळलं की हा मासा इतरांनी आधीच शोधलेला होता, म्हणून शास्त्रातलं ते नाव रद्द झालं. लोकांच्या तोंडून मात्र गप्पी गेला नाही.

हाच तो गप्पी मासा. हिवतापवाले आपल्याकडे हौदात आणून सोडतात तो, डासांच्या अळ्या खाणारा. आमच्या वाड्यातल्या हौदात कितीतरी वर्षं आहेत. मुलाचा निरोप वाचून मी उठलो आणि हौदापाशी जाऊन उभा राहिलो. डॉर्सेटमधली एक वस्ती, तिच्यावरून आडनाव, आडनाव निघालं त्रिनिदादला, तिथून माशाला चिकटलं आणि मासा पोचला शुक्रवार पेठेत. त्याला कुणी विचारत नाही की तुझं मूळ गाव कुठलं आणि सिटी सर्व्हेवर नाव आहे का.

चुलतभाऊ पलीकडून म्हणाला, “काय बघतोयस बे?”

मी म्हटलं, “पाहुणे आलेत.”

आमच्या गावात आडनावांचा विषय काढणं म्हणजे तीन भाषांच्या व्याकरणात पाय घालणं आहे. पूर्व भागातले माझे एक मित्र पद्मशाली आहेत, जन्म सगळा मागावर गेला. त्यांचे पूर्वज तेलंगणातून विणायला आले. ते म्हणतात, “तुमचं आडनाव गावाचं, आमचं घराचं.” तेलुगूत आडनावाला इंटिपेरु म्हणतात, म्हणजे घराचं नाव, आणि ते माणसाच्या नावाच्या आधी येतं. आधी घर, मग माणूस. सोलापुरात येऊन मराठी शाळेच्या रजिस्टरात ते मागे गेलं, पण घर काही सुटलं नाही. नरसय्या आडम आमचे माजी आमदार. बाहेरगावचा एक पाहुणा मला म्हणाला होता, “तुमच्याकडे ख्रिस्ती आमदार निवडून येतो, वा!” त्याला वाटलं आडम म्हणजे बायबलातला. तो इंटिपेरु आहे हे समजावून सांगता सांगता पाहुण्याची गाडी सुटली.

कानडी मंडळींची तऱ्हा निराळी. त्यांना शेपूट लागतच नाही. मन्सूर गावचे मल्लिकार्जुन मन्सूर झाले, हानगळचं आडनाव गंगूबाईंनी नुसतं हानगळ म्हणूनच लावलं. ‘कर’ नाही, ‘चे’ नाही, अख्खं गाव उचलून नावामागे ठेवायचं. सांगली-कोल्हापूरकडे मराठी आणि कानडी एकमेकांत मिसळतात, तिथे बिजापुरे भेटतात आणि आमचे मावसभाऊ शोभतील असे सोलापुरेही भेटतात. चंद्रपूरकडे ‘वार’ लागतो. बोहरी आणि पारशी मंडळींत सोलापूरवाला आहेत, तेही ‘शोलापूरवाला’, कारण आडनाव इंग्रजांच्या स्पेलिंगात गोठलेलं. गावाने केव्हाच ‘शो’ टाकून ‘सो’ घेतला, पण आडनावाला कुणी कळवलं नाही.

तसं म्हटलं तर गाव तरी कुठे एका नावावर राहिलंय? सोळा गावांचं सोलापूर अशी एक कथा सांगतात. पण सिद्धरामेश्वरांच्या काळी, बाराव्या शतकात, हे सोन्नलगी होतं. मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या शके १२३८ च्या शिलालेखात ते सोनलीपूर आहे आणि किल्ल्यातल्या विहिरीवरच्या लेखात संदलपूर. आमचे पूर्वज थोडे आधी गाव सोडून गेले असते तर मी आज सोन्नलगीकर असतो आणि रेशन कार्डावर काय छापलं असतं याची कल्पना करवत नाही.

‘बाहेरचे’ हा शब्द डोक्यात घेऊन मी एका संध्याकाळी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून चाललो होतो. हजारदा गेलो असेन, पण त्या दिवशी आडनावांच्या नजरेने बघितलं. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. एक आडनाव कानडी वळणाचं, एक मराठी, एक मारवाडी, आणि चौथ्याला आपण मानतो तसं आडनावच नाही. सोलापूरकर त्यांत एकही नव्हता. मी तिथे बराच वेळ उभा होतो. फुगेवाल्याला वाटलं मला फुगा हवाय.

आणि आपले डॉ. कोटणीस. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. आडनाव गावाचं नव्हे, कामाचं. कोटाचा हिशेब ठेवणारा तो कोटणीस. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. तिथे त्यांचं नाव झालं के दिहुआ. यातला ‘के’ म्हणजे कोटणिसांचा को, आणि शेवटचा ‘हुआ’ म्हणजे चीन. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांत हा ‘हुआ’ होता. त्यांच्यापैकी एक होते नागपूरचे डॉ. चोळकर. त्यांच्याही नावात ‘कर’ जाऊन ‘हुआ’ आला. आपल्याकडे जे गाव सोडलं ते नावात येतं. त्यांच्या नावात जिथे गेले तो देश आला. डॉ. कोटणीस १९४२ च्या डिसेंबरात तिथेच वारले. परत आले नाहीत.

आमचे पणजोबा मात्र परत आले होते, आणि सगळा घोळ त्यातूनच झाला. घरात कथा अशी होती की ते शिकायला साताऱ्याला गेले तेव्हा वर्गात चार कुलकर्णी होते. मास्तरांनी हजेरीच्या सोयीसाठी प्रत्येकाला गावाचं नाव चिकटवलं. बाकीच्यांचं शाळेबरोबर सुटलं, पणजोबांचं दाखल्यावर चढलं आणि राहिलं. पुढे ते सोलापूरला येऊन १८७७ सालच्या जुन्या मिलमध्ये कारकून लागले, ते सोलापूरकर म्हणूनच. त्यांचे धाकटे भाऊ गावातच राहिले होते, म्हणून ते कुलकर्णी. आमच्या आणि चुलतभावाच्या आडनावातला फरक एवढाच, की आमचा माणूस एकदा गाव सोडून गेला होता.

कथा उत्तम होती, पण वकिलांना कागद पाहिजे होता. साताऱ्याच्या एका शाळेत मी पत्र टाकलं. उत्तर आलं की त्या सालांची रजिस्टरं वाळवीने खाल्ली. वाळवीला मराठी आडनावांची चव फार. शेवटी बायकोच म्हणाली, “नाशिकला विचारून बघा. आमच्या अण्णांचे दिवस केले तेव्हा गुरुजींनी सात पिढ्या वाचून दाखवल्या होत्या.”

रात्रीच्या एस.टी.ने नाशिकला गेलो. रामकुंडापाशी तीर्थोपाध्यायांच्या घरात लांबलचक वह्या लाल फडक्यात बांधून ठेवलेल्या असतात, हे ऐकून होतो. गुरुजी वयाने माझ्यापेक्षा लहान होते. मी छाती बांधून प्रश्नाची वाट बघत बसलो. त्यांनी विचारलं, “गाव?”

“सोलापूर.”

“पेठ?”

“शुक्रवार.”

ते उठून वही आणायला गेले. आडनाव त्यांनी विचारलंच नाही. मला राहवेना. मी म्हटलं, “गुरुजी, आडनाव सोलापूरकर.” ते आतून म्हणाले, “असू द्या. आडनावं बदलतात. आम्ही गावावर शोधतो.”

अर्ध्या तासाने सापडलं. मोडी अक्षर, शाई तपकिरी झालेली. शके १८३५ मध्ये पणजोबा आईच्या अस्थी घेऊन आले होते. गुरुजींनी बोट ठेवून वाचलं. त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं, तिन्ही भावांची नावं, आणि खाली: मूळ उपनाव कुलकर्णी, चालू उपनाव सोलापूरकर, राहणार सोलापूर, पेठ शुक्रवार. शेवटी सही. पणजोबांची सही मी पहिल्यांदाच बघत होतो. ‘सोलापूरकर’ मधला शेवटचा ‘र’ त्यांनी लांब ओढून खाली नेला होता. माझे वडीलही तसाच ओढत. मीही ओढतो. गुरुजींनी विचारलं, “पाणी देऊ का?” मी म्हटलं, “द्या.”

त्यांनी त्या पानाची नक्कल करून दिली, वर शिक्का मारला आणि त्याच पानाखाली माझं, मुलाचं आणि नातवाचं नाव लिहून घेतलं. नातवाचा पत्ता सांगताना मी अडखळलो. तो पुण्यात जन्मला, पुण्यात वाढला. शाळेत त्याला कुणी दोनदा आडनाव विचारत नाही. गुरुजी म्हणाले, “मूळ गाव सोलापूरच लिहितो.”

आता सगळं मोकळं झालं आहे. नक्कल वकिलांना दिली की आम्ही बाहेरचे नाही हे सिद्ध होईल, वाडा पडेल, पैसे येतील आणि आम्ही दोघं मुलाकडे पुण्याला जाऊ. मुलाने दारावरच्या पाटीचा फोटोसुद्धा पाठवलाय. अक्षरं झकास आहेत. खाली राहणाऱ्या एका आजोबांनी पाटी वाचून विचारलं म्हणे, “सोलापूरचे का? शेंगाची चटणी मिळेल का हो?” म्हणजे आमचं आडनाव तिथे पहिल्याच दिवशी कामाला लागलंय.

बायको म्हणते, चटणी पाठवता येईल, पण कडक भाकरीचं काय करणार? मला काळजी आहे गप्पींची. पाच मजली इमारतीत हौद नाही. चुलतभाऊ म्हणतो, सिद्धेश्वर तलावात सोडू. तो रोज सकाळी विचारतो, “दिलास का कागद वकिलांना?”

मी सांगतो, झेरॉक्सवाल्याकडे लाइट नाही.

“तीन आठवडे?”

“होय की.”

काल तो विचारायला आला तेव्हा नाशिकची ती नक्कल माझ्या हातातच होती. त्याने घेतली, चष्मा लावला, आपल्या पणजोबांचं नाव भावांच्या ओळीत शोधून काढलं आणि हौदाच्या कठड्यावर बसून दोनदा वाचलं. मग घडी घालून माझ्या खिशात ठेवली.

“गड्ड्याची जत्रा होऊ दे,” तो म्हणाला. “नंतर बघू लाइटचं.”